कामाची नावे आणि त्यांचे अर्थ

दिवसभराचे काम उरकून तुम्ही इथे आला आहात. कोणी आंब्याच्या बागेत राबून आला. कोणी मासळी विकून आली. कोणी चुलीवर भात ठेवून, सुनेला सांगून आली. म्हणून मी लांबण लावणार नाही. जे सांगेन ते उपयोगाचे सांगेन.

मी प्राथमिक शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. मॅट्रिक झालेला माणूस, मोठा पंडित नव्हे. पण चाळीस वर्षे खेड्यात राहिलो, आणि लोकांचे कागद वाचून दिले. त्यातून जे शिकलो ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आता तुम्हांला अक्षरे येतात. जोडाक्षरेही येतात. एस.टी.ची पाटी तुम्ही कोणाला न विचारता वाचता. आता पुढची पायरी. कचेरीच्या दारावर, बाजारात, पावतीवर माणसांच्या कामाची नावे लिहिलेली असतात. ती वाचता येणे ही एक गोष्ट. त्यांचा अर्थ कळणे ही दुसरी गोष्ट. अर्थ कळला नाही तर काय होते? माझ्याच घरची हकीकत सांगतो.

झाडाखालचे गृहस्थ

साल १९६६. मी तेव्हा दुसरीत होतो. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबा नदीकाठचा एक कुणगा कसत होते. जमीन दुसऱ्याची. पण माझ्या आजोबांपासून ती आमच्याच हाताखाली होती. दरसाल खंड घातला जाई. मात्र सरकारी कागदावर कूळ म्हणून आबांचे नाव लागलेले नव्हते.

कूळकायदा १९४८ साली झालेला होता. पुढे १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. जे कूळ जमीन कसते, ते त्या दिवसापासून मालक, असे कायद्याने मानले. पण आपण कूळ आहोत हे कागदावर तर आले पाहिजे! कोणीतरी आबांना सांगितले, "मामलेदार कचेरीत अर्ज कर." आबा पहाटे उठून चालत तालुक्याला गेले.

कचेरीच्या आवारात झाडाखाली एक गृहस्थ बसले होते. पुढे लाकडी पेटी. पेटीवर दौत, टाक आणि कोरे कागद. नाकावर चष्मा. आबांना वाटले, हेच सरकारी कारकून. त्यांनी हात जोडले. सगळी हकीकत सांगितली. गृहस्थांनी सुरेख अक्षरात अर्ज लिहिला. आबांचा अंगठा घेतला. लिहिण्याचे पैसे घेतले. मग कागद आबांपुढे धरला.

आबा म्हणाले, "साहेब, मी अडाणी मानूस. कागूद तुमच्यापाशीच ऱ्हावं दे."

गृहस्थांना वाटले, हा नंतर येऊन घेऊन जाईल. त्यांनी कागद पेटीत ठेवला. आबा समाधानाने घरी आले. आईला म्हणाले, "अर्ज दिला."

दोन वर्षे आबांनी वाट पाहिली. मग एके दिवशी कळले, मालकाने कुणगा दुसऱ्याला विकला. आबा धावत कचेरीत गेले. आतल्या कारकुनाने आवक नोंदवही उघडली. वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. आबांचा अर्ज त्या वहीत नव्हता. तो आत कधी गेलाच नव्हता. तो झाडाखालच्या पेटीत, इतर कागदांच्या तळाशी पडून होता.

ध्यानात घ्या, त्या गृहस्थांनी लबाडी केली नाही. ते अर्जनवीस होते. अर्जनवीस म्हणजे अर्ज लिहून देणारा. त्यांचे काम लिहिण्यापुरते. अर्ज आत नेऊन देणे हे आबांचे काम. तो घेऊन त्यावर शिक्का मारणे, वहीत नोंद करणे, हे आतल्या कारकुनाचे काम. अर्जनवीस वेगळा आणि कारकून वेगळा, हे आबांना ठाऊक नव्हते. एवढ्यावरून आमचा कुणगा गेला.

आपल्या कोकणात प्रत्येक आवाराला गडगा असतो. गडग्याच्या आत आपले, बाहेर दुसऱ्याचे. कामाच्या नावालाही असाच गडगा असतो. नावाचा अर्थ कळला की गडगा दिसतो. या माणसाचे काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळते. आज आपण लिहिणारी माणसे, विकणारी माणसे आणि देवाधर्माची माणसे, अशा तिघांची नावे पाहू.

लिहिणारी माणसे

पहिला शब्द कारकून. हा फारशी भाषेतला. 'कार' म्हणजे काम, 'कुन' म्हणजे करणारा. कारकून म्हणजे काम करणारा. शब्द किती चांगला! लोकांनी मात्र 'कारकुंडा' करून त्याची थट्टा केली. आता सरकारी कागदावर त्याला लिपिक म्हणतात. लिपी म्हणजे अक्षरे लिहिण्याची पद्धत. म्हणून लिपिक म्हणजे लिहिणारा. त्या अर्थाने आता तुम्हीही लिपिक झालात, बरे का!

जुने शब्द ओळखण्याची एक युक्ती सांगतो. शब्दाचे शेपूट पाहा.

शेवटी 'नीस' असेल तर तो लिहिणारा. फारशीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. आपण त्याचे 'नीस' केले. चिठ्ठ्यापत्रे लिही तो चिटणीस. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, तो लिही तो फडणीस किंवा फडणवीस. पारसी, म्हणजे फारशी, पत्रे लिही तो पारसनीस. खजिन्यातल्या रोकडीचा हिशेब लिही तो पोतनीस. आणि अर्ज लिही तो अर्जनवीस.

शेवटी 'दार' असेल तर तो धरणारा, सांभाळणारा. दप्तर सांभाळी तो दप्तरदार. मामला म्हणजे कारभार, तो पाही तो मामलेदार. तहसील म्हणजे वसुली, ती करी तो तहसीलदार. आता सांगा, खातेदार कोण? ज्याच्या नावावर जमिनीचे खाते, तो खातेदार. म्हणजे तुमच्यापैकी पुष्कळ जण! तहसीलदारही 'दार' आणि खातेदारही 'दार'. तेव्हा कचेरीत जाताना मान खाली घालून जाऊ नका.

यातली पुष्कळ नावे पुढे आडनावे झाली. आडनाव राहिले, काम गेले. आज फडणीस आडनावाचा माणूस दुकान चालवील. जोशी आडनावाची मुलगी डॉक्टर असेल. म्हणून आडनावावरून काम ठरवू नका. दारावरची पाटी वाचा.

तुम्ही विचाराल, "गुरुजी, एकाच कामाला दोन-दोन नावे का?" त्याला कारण आहे. पूर्वी राज्यकारभार फारशी भाषेतून चाले. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर आठ प्रधानांना संस्कृत नावे दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला. सुरनिसाचा सचिव झाला. वाकनिसाचा मंत्री झाला. वाकनीस म्हणजे रोजच्या घडामोडी लिहून ठेवणारा. म्हणजे मंत्री हाही त्या काळी लिहिणाराच होता! महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' केला. त्यात कारभारातल्या फारशी शब्दांना संस्कृत शब्द दिले आहेत.

पुढे इंग्रज आले आणि इंग्रजी नावे आली. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात आपल्या रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांनीही परक्या शब्दांऐवजी आपले शब्द वापरावेत म्हणून इथे बसून पुष्कळ लिहिले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा सरकारने भाषा संचालनालय काढले. त्याने १९६२ साली 'पदनाम कोश' काढला. पद म्हणजे हुद्दा. हुद्द्यांची मराठी नावे त्यात आहेत. तेव्हापासून क्लार्कचा लिपिक झाला आणि सुपरिंटेंडंटचा अधीक्षक झाला.

म्हणून बाजारात जुना शब्द चालतो आणि पाटीवर नवा असतो. दोन्ही ओळखीचे हवेत.

तलाठी आणि खोत

गावात सर्वांत जास्त काम पडते तलाठ्याशी. पूर्वी देशावर गावाचा जमाखर्च कुळकर्णी लिहीत असे. ते काम वंशपरंपरेचे होते. १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतने संपली. आता गावची दप्तरे पगारी सरकारी नोकर सांभाळतो, तो तलाठी. २०२४ साली सरकारने त्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे केले. ग्रामसेवकाचे नावही त्याच साली ग्रामपंचायत अधिकारी असे झाले. दोन नावे सारखी वाटतात, पण कामे वेगळी. जमिनीचा कागद असेल तर महसूल अधिकारी. जन्म, मृत्यू, घरपट्टी यांचा असेल तर ग्रामपंचायत अधिकारी.

तलाठ्याचा गडगा कुठे संपतो? समजा, वडील वारले आणि वारसांची नावे सातबाऱ्यावर लावायची आहेत. तलाठी फेरफार लिहितो. फेरफार म्हणजे बदलाची नोंद. पण ती मंजूर करतो मंडळ अधिकारी, ज्याला आपण सर्कल म्हणतो. मधल्या काळात संबंधितांना नोटीस निघते. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. नोंद चुकली असेल, बहिणीचे नाव वगळले असेल, तर या पंधरा दिवसांत लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. "तलाठ्याने लिहिले, आता काय करणार?" असे म्हणून गप्प बसायचे नाही. लिहिणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा.

भगिनींनो, हे तुम्ही जास्त ध्यानात ठेवा. नोटीस घरी येते. ती कोणाच्या हाती पडते, कोण वाचतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. आता ती तुम्हांला वाचता येते.

गडगा ओलांडला म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ते म्हणजे खोत. गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा तो खोत. म्हणजे तो वसुली करणारा. पण हळूहळू पुष्कळ ठिकाणी तो गावाचा धनी होऊन बसला. कुळाला फुकट राबवू लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती बंद करण्याचे विधेयक मांडले. शेजारच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली खोतांविरुद्ध संप सुरू केला, तो १९३९ पर्यंत चालला. शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आज खोत हे नुसते आडनाव आहे. त्यात कोणाचा मोठेपणा नाही आणि कोणाचा दोषही नाही.

विकणारी आणि मधली माणसे

आता बाजारात चला. वाणी हा शब्द संस्कृत 'वणिज्' पासून आला. त्याचा अर्थ व्यापार करणारा. हिंदीतला बनिया त्याचाच भाऊ. सराफ हा अरबी शब्द. मूळ अर्थ नाणी बदलून देणारा. आता तो सोन्याचांदीचा व्यापारी.

सावकार हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो, नाही का? पण मूळ अर्थ काय? आपण म्हणतो, 'चोर कोण नि साव कोण'. साव म्हणजे सज्जन, 'साधु' या शब्दावरून आलेला. साधुकार, मग साहुकार, मग सावकार. सचोटीने व्यवहार करणारा तो सावकार. कित्येक सावकारांनी आपल्या करणीने हा शब्द काळा केला. आता २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे. सावकाराने हिशेब ठेवला पाहिजे आणि पैसे फेडल्याची पावती दिली पाहिजे. तेव्हा सावकाराला प्रथम विचारा, "परवाना दाखवा." जो खरा साव असेल तो दाखवील.

दलाल हाही अरबी शब्द. मूळ अर्थ वाट दाखवणारा. घेणाऱ्याला विकणाऱ्याची वाट दाखवायची आणि त्याबद्दल दलाली घ्यायची. यात वाईट काही नाही. पण माल दलालाचा नसतो, जमीन दलालाची नसते. म्हणून दलालाच्या हाती पैसे देताना विचार करा. तो वाट दाखवतो, घर त्याचे नव्हे. आपल्या किनाऱ्यावर जमिनीचे भाव चढल्यापासून गावोगाव दलाल फिरतात. ते म्हणतात, "नुसती सही करा, बाकी मी पाहतो." मंडळी, 'बाकी' तुम्हीच पाहायचे असते. कागदाच्या डोक्यावर काय लिहिले आहे ते आधी वाचा. गहाणखत असेल तर पैसे फेडून जमीन सुटते. खरेदीखत असेल तर जमीन गेली. साठेकरार म्हणजे पुढे विकण्याचे वचन. हे तीन शब्द तुमच्या वहीत आजच लिहून घ्या.

कागद लिहितो तो दस्तलेखक. मुद्रांक विकतो तो मुद्रांक विक्रेता. दस्त नोंदवतो तो दुय्यम निबंधक. तिघे जवळजवळ बसतात म्हणून तिघांना एकच समजू नका. दस्तलेखक तुम्ही सांगाल ते लिहितो. मुद्रांक विक्रेता कागद विकतो, पण कागदात काय लिहावे हे त्याचे काम नाही. दुय्यम निबंधक हा सरकारी अधिकारी.

आता आंब्याची गोष्ट. आपला हापूस वाशीच्या बाजारात जातो. तिथे अडत्या असतो. तो माल विकत घेत नाही. तो आपल्या वतीने विकून देतो. त्याबद्दल मिळते ती अडत. हमाल पेटी उतरवतो, मापाडी वजन करतो. मग अडत्या आपल्याला हिशेबाचा कागद पाठवतो, त्याला पट्टी म्हणतात. पुष्कळ बागायतदार पट्टीतला शेवटचा आकडा तेवढा पाहतात. तसे करू नका. किती पेट्या गेल्या, काय भाव लागला, गाडीभाडे किती, हमाली किती, हे ओळीने वाचा. २०१६ साली राज्य सरकारने असा नियम केला, की फळे आणि भाजीपाला यांची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदी करणाऱ्याकडून घ्यायची. तेव्हा पट्टीत तुमच्या नावावर अडत कापलेली दिसली, तर ती का कापली हे विचारायचा तुम्हांला हक्क आहे.

राहिला एजंट. हा इंग्रजी शब्द आता मराठीच झाला. एजंट म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा. विम्याचा एजंट, ठेवींचा एजंट. तो गावातलाच असतो, नात्यातलाही असतो. पण तो म्हणजे कंपनी नव्हे. आपण पैसे देतो ते त्याच्या तोंडाकडे पाहून, आणि पावती मागायला लाजतो. "घरच्या माणसाकडून पावती कसली मागायची?" असे म्हणतो. मंडळी, पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. पावती दोघांनाही सांभाळते.

देवाधर्माची माणसे

आता देवळाकडे चला. आपल्या गावच्या देवळात गुरव असतो. तो पूजा, झाडलोट, दिवाबत्ती पाहतो. पूजा करी तो पुजारी. जोशी हा शब्द 'ज्योतिषी' पासून झाला. पंचांग पाहून तिथी-मुहूर्त सांगे तो जोशी. भट हा शब्द 'भट्ट' पासून आला, अर्थ विद्वान. उपाध्ये म्हणजे उपाध्याय. ज्याच्याजवळ जाऊन शिकायचे तो उपाध्याय. म्हणजे माझ्यासारखा मास्तरच!

पुरोहित या शब्दाचा अर्थ पाहा. 'पुरस्' म्हणजे पुढे, 'हित' म्हणजे ठेवलेला. ज्याला आपण पुढे ठेवतो तो पुरोहित. आणि यजमान म्हणजे यज्ञ करणारा. म्हणजे मूळ काम यजमानाचे. पुरोहित पुढे बसून सांगतो, करतो आपण. मग आपण काय करतो आहोत, हे त्याला विचारायला काय हरकत? चांगला पुरोहित आनंदाने अर्थ सांगतो.

आपल्या जिल्ह्यात मुसलमान बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्यातली नावे पाहा. काझी म्हणजे मुळात न्यायाधीश. आज न्याय न्यायालय देते आणि काझी निकाह लावतात. खुतबा, म्हणजे मशिदीतले प्रवचन, देई तो खतीब. मुजावर या शब्दाचा मूळ अर्थ शेजारी. दर्ग्याच्या शेजारी राहून त्याची सेवा करी तो मुजावर. किती गोड शब्द! ही नावेही आता आडनावे झाली आहेत.

पाद्री हा शब्द पोर्तुगीजांबरोबर गोव्याकडून आला. त्याचा अर्थ पिता. आपण महिन्याला घेतो तो पगार हाही शब्द पोर्तुगीजच. भिक्खू म्हणजे भिक्षा मागून राहणारा बौद्ध संन्यासी. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून आपल्या गावांतले बौद्ध बांधव लग्नविधी बौद्धाचार्यांकडून करून घेतात. आचार्य म्हणजे शिकवणारा.

पाहा मंडळी, धर्म वेगळे, पण शब्दांचे अर्थ कसे एकमेकांजवळ येतात. कोणी शिकवणारा, कोणी सांगणारा, कोणी सेवा करणारा. मालक कोणीच नाही.

इथेही गडगा आहे. पुरोहित, काझी, पाद्री, बौद्धाचार्य लग्न लावतात. पण लग्नाचा सरकारी दाखला देतात ते विवाह निबंधक. खेड्यात ते काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे असते. १९९८ चा कायदा आहे. लग्न थाटात झाले, फोटो निघाले, पण नोंद केली नाही, तर पुढे पेन्शनला, वारसाला, नाव बदलायला बायकांनाच हेलपाटे पडतात. मांडव उतरला की आठवड्याच्या आत नोंदीला जा.

आणि एक नाव राहिले, भगत. 'भक्त' या शब्दावरून आलेले. देवाची भक्ती करी तो भगत. भक्ती करू द्या. पण फुरसे चावले तर भगताकडे जायचे नाही. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत फुरसे पुष्कळ. त्याच्या विषावर दवाखान्यात इंजेक्शन आहे, मंत्रात नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्याने गुन्हा आहे. भक्ताचा गडगा देवळापाशी संपतो. तिथून पुढे डॉक्टरचे आवार.

आजचे झाडाखालचे गृहस्थ

तुम्हांला वाटेल, गुरुजींनी जुनी गोष्ट सांगितली. आता झाड नाही, पेटी नाही. खरे आहे. पण त्या जागी सेवा केंद्र आले आहे. दाखल्यासाठी, सातबाऱ्यासाठी, योजनेच्या अर्जासाठी आपण तिथे जातो. संगणकापुढे एक मुलगा किंवा मुलगी बसलेली असते. आपण त्यांना साहेब, मॅडम म्हणतो. ते केंद्रचालक आहेत. अर्ज भरून पाठवणे हे त्यांचे काम. दाखला मंजूर करणे हे आतल्या अधिकाऱ्याचे काम. म्हणजे आजचे अर्जनवीसच! तेव्हा "भरून ठेवा, मी येतो" म्हणून उठून येऊ नका. अर्ज गेला का, ते विचारा. अर्जाचा क्रमांक असलेली पोच मागा. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात ठरवलेली सेवा किती दिवसांत द्यायची, कोणी द्यायची, हे लिहिलेले असते. तो अधिकारी म्हणजे पदनिर्देशित अधिकारी. त्याने वेळेत काम केले नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. पण अपिलाला पोच लागते.

तसेच बँक मित्र किंवा बँक सखी. छोटे यंत्र घेऊन ते वाडीत येतात. यंत्रावर अंगठा ठेवला की पैसे मिळतात. सोय मोठी आहे. पण पूर्वी अंगठा शाईत बुडवत, आता यंत्रावर ठेवतात, एवढाच फरक. अंगठा तोच, आणि धोकाही तोच. अंगठा ठेवण्याआधी रक्कम वाचा. पावती घ्या आणि तीही वाचा. "पुन्हा एकदा ठेवा, लागला नाही," असे कोणी म्हणाले तर पहिल्या वेळी पैसे निघाले का, ते आधी पाहायला लावा.

तीन प्रश्न

एवढे सगळे शब्द पाठ कसे करायचे? पाठ करू नका. तीन प्रश्न तेवढे ध्यानात ठेवा. कामाचे कुठलेही नाव पुढे आले की मनात विचारा.

पहिला प्रश्न, हा माणूस कोणाचा? सरकारचा, कंपनीचा, की स्वतःचा धंदा करणारा?

दुसरा प्रश्न, याचे काम कुठे संपते? लिहिण्यापाशी, विकण्यापाशी, की मंजूर करण्यापाशी?

तिसरा प्रश्न, याने मला कोणता कागद द्यायला हवा? पावती, पोच, पट्टी, की दाखला?

या तिन्हींची उत्तरे मिळाली की तुमचे काम निम्मे झाले. उत्तर मिळाले नाही तर सही करू नका. "उद्या येतो," म्हणा. उद्या या वर्गात कागद घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.

आता शेवटची गोष्ट. पुढे काही वर्षांनी मी मॅट्रिक झालो. निकाल कळला त्या दिवशी आबांनी फळीवरच्या डब्यातून एक घडी केलेला कागद काढला. तोच तो अर्ज. अर्जनवीसांनी नंतर तो परत दिला होता. आबा म्हणाले, "वाच रे, काय लिवलंय ह्यात." मी वाचला. शेताचा नंबर, आजोबांचे नाव, किती वर्षे कसतो ते, सगळे बिनचूक होते. एका शब्दाची चूक नव्हती. फक्त कागदावर कचेरीचा शिक्का नव्हता.

आबांनी नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, "बरा लिवलाय." आणि पुन्हा घडी करून डब्यात ठेवला.

मंडळी, तुमचा कागद डब्यात राहू नये, एवढ्यासाठी मी आज बोललो. घरचा अभ्यास सांगतो. उद्या बाजारात किंवा कचेरीत जाल तेव्हा दारावरच्या पाट्यांवरची पाच नावे वहीत लिहून आणा. प्रत्येकापुढे त्याचे काम काय ते लिहा. येत नसेल तर जागा मोकळी ठेवा. परवाच्या वर्गात ती भरू.